नाकी नऊ

आमच्या घरी दूध तापवायचं खातं माझ्याकडे होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला घरात एकदम मोठी जबाबदारी देत नाहीत. आधी दूध, मग नळाला पाणी आलं की पिंप भरणं, आणि वर्षभर वर्तणूक चांगली राहिली तर भाजी. माझी गाडी दुधावरच अडली. गेल्या भाद्रपदात नाक चोंदलं ते दिवाळी आली तरी उघडेना, आणि तेवढ्या काळात मी तीन पातेली करपवली. तिसऱ्या वेळी तर गॅसपासून चार हातांवर शब्दकोडं सोडवत बसलो होतो. खोली धूसर झाली तेव्हा वाटलं, शेजाऱ्यांनी धूप घातला असेल. ही देवळातून परत येत होती. तिनं तळमजल्याच्या जिन्यातूनच हाक मारली, "अहो, दूध!" दोन मजले खाली पोचलेला वास चार हातांवर पोचला नव्हता. त्याच संध्याकाळी माझं खातं काढून घेण्यात आलं. खोटं कशाला बोलू, फारसं वाईट वाटलं नाही.

वास गेला तो गेला, माझी अक्षरंही गेली. न आणि म ही अक्षरं तोंडातून निघतात अशी माझी साठ वर्षं समजूत होती. ती नाकातून निघतात. नाक बंद झालं की 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द'. पाडव्याला मी मामांना फोन केला. मामांचं वय शहाऐंशी. मी म्हटलं, "बाबा, दबस्कार!" पलीकडे बराच वेळ शांतता. मग मामा जपून म्हणाले, "अरे, तुझे बाबा जाऊन बारा वर्षं झाली. तू बोलतोयस कुठून?"

पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी स्कॅन काढून पडद्यावर माझी कवटी दाखवली. नाकाच्या अवतीभोवती हाडांमध्ये हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये, त्यामागे खोल, आणि गालांत. गालांतल्या सगळ्यांत मोठ्या, आणि माझ्या नेमक्या त्याच तुंबलेल्या. पण मला धक्का बसला तो निराळ्याच गोष्टीचा. गालाच्या पोकळीचं नाकात उघडणारं भोक तळाशी नसतं, वर असतं. आत जमलेला शेंबूड सूक्ष्म लव हलवत हलवत वर चढवते, तेव्हा कुठे तो बाहेर पडतो. मला बांधकामातलं काही कळत नाही. पण मोरीचं भोक छताजवळ ठेवणारा गवंडी आमच्या सोसायटीत दुसऱ्या दिवशी दिसला नसता.

डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा दिला. हाड जरा वाकडं आहे पण घाई नाही म्हणाले, आणि ताप चढला किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर वेळ-काळ न बघता या, असं बजावलं. फवाऱ्यानं थोडं बरं वाटायचं. पण ज्या घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई आहे तिथं फवाऱ्यावर भागत नाही.

आईनं सहाण काढली. मला तान्हेपणी गुटी उगाळली ती हीच, मधोमध बशीसारखी खोल झालेली. तिच्यावर माझ्या वाटचे हळकुंड-जायफळाचे किती वेढे पडले असतील, त्याचा हिशेब आता कुणाकडे नाही. वेखंडाचा तुकडा दिसायला सुंठीच्या गरीब नातेवाइकासारखा, गाठीगाठीचा आणि मळकट. पण पाण्याच्या चार थेंबांबरोबर दगडावर फिरला की घरभर उग्र वास सुटतो. असं ही म्हणाली. मला काय कळणार! आईनं लेप पळीत कोमट केला आणि थरथरत्या बोटांनी माझ्या कपाळावर आणि नाकाच्या दोन्ही अंगांना लावला. आई कपाळाला हात लावते तेव्हा साठीतला माणूसही डोळे मिटून घेतो. पुढचा भाग तितका हळवा नाही. लेप वाळायला लागला की कातडी आवळते, भुवया वर ओढल्या जातात आणि चेहऱ्यावर कायमचं आश्चर्य उमटतं. त्या अवस्थेत मी गॅस सिलिंडरवाल्याला दार उघडलं. त्यानं चहापाण्याचे पैसे न मागता काढता पाय घेतला.

मग ओवा. तव्यावर भाजून मलमलीच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी मी खिशातच ठेवू लागलो. पेन्शनरांच्या मासिक सभेत दर दोन मिनिटांनी ती काढून हुंगत होतो. पुढच्या रांगेतले गृहस्थ दोनदा मागे वळून बघत होते. शेवटी ते शेजाऱ्याला म्हणाले, "आज चहाबरोबर तिखटमिठाच्या पुऱ्या दिसतायत." सभा संपेपर्यंत ही बातमी व्यासपीठापर्यंत गेली होती, आणि शेवटी नुसती बिस्किटं आली तेव्हा लोकांनी कार्यकारिणीला जाब विचारला.

शेवटी वैद्यांकडे गेलो. पेठेतला जुना वाडा, धरायला दोर असलेला काळोखा जिना, वर पुड्या बांधायच्या कागदांची चळत. मी म्हटलं, "दाक बंद आहे." त्यांनी नाडी धरली, जीभ बघितली आणि विचारलं, "पोट साफ होतं?"

मी नाकाकडे बोट दाखवलं.

"ते दिसतंय. भूक कशी आहे? रात्री दही खाता? दुपारी झोपता?"

मुरलेला ऑडिटर बँकेत आला की आधी तिजोरीकडे बघत नाही, चहाची बिलं मागतो. मी गप्प झालो. वैद्यांचं म्हणणं असं, की पोटातला अग्नी मंद झाला की अन्न नीट पचत नाही, त्याचा आम होतो, आम कफाला जाऊन मिळतो आणि कफ डोक्यात ठाण मांडतो. "तोटीला पाणी येत नाही म्हणून तोटी बदलून काय उपयोग? टाकी बघायला नको?" म्हणजे इथंही नळकामच निघालं.

सायनस हा शब्द त्यांच्या पोथ्यांत नाही. तिथं प्रतिश्याय आणि पीनस. आपलं घरगुती पडसं म्हणजे हा प्रतिश्यायच, शतकानुशतकं नाक पुसून पुसून झिजलेला. तो मुरला की पीनस. सुश्रुतांनी नाकाचे एकूण 31 रोग सांगितलेत, नंतरच्या वाग्भटांनी 18. मधल्या काळात 13 रोग बरे झाले असावेत असा मी हिशेब मांडला. वैद्यांनी तो मान्य केला नाही. शिंकांना वेगळं नाव, नाक कोरडं पडण्याला वेगळं, चोंदण्याला वेगळं. माझी डोकेदुखी सकाळी सूर्याबरोबर चढायची, माध्यान्हीला कळस गाठायची आणि उन्हं कलली की उतरायची. नोकरीत असताना तिला मी बँकेची वेळ समजत होतो. तिचं नाव सूर्यावर्त. इतक्या सुंदर नावाचं दुखणं आपल्याला आहे हे कळल्यावर पहिले दोन दिवस ते दुखलंसुद्धा कमी.

कारणांच्या बाबतीत मात्र चरक फारच उदार आहेत. धूळ, धूर, दव, गार पाणी, अजीर्ण, जागरण, अतिझोप, राग, रडणं, शरीराचे वेग अडवून धरणं, ऋतू बिघडणं आणि फार बोलणं. एवढ्यातून सुटलेला माणूस शोधायला गेलं तर चौकातला पुतळाच सापडेल, आणि तोही रात्रभर दवात उभा. हिनं ती यादी वैद्यांकडून लिहून घेतली आणि घरी येऊन फ्रिजवर चिकटवली. 'फार बोलणं' याच्याखाली तेवढी लाल रेघ आहे.

आयुर्वेदाच्या औषधांना नावं ठेवताना कुणी हात आखडता घेतलेला नाही. पडशा-तापाच्या गोळीचं नाव त्रिभुवनकीर्ती! वैद्य "लक्ष्मीविलास" म्हणाले तेव्हा मला वाटलं मंगल कार्यालयाचा पत्ता सांगतायत. त्रिभुवनकीर्तीत शुद्ध केलेला का होईना पण बचनाग असतो, तेव्हा दुकानातून आपल्या मनानं आणून खायची नाही, हे त्यांनी चष्म्यावरून बघत सांगितलं. मला त्यांतलं काहीच मिळालं नाही. मिळालं ते सितोपलादी चूर्ण, मधातून, तेही मध गरम न करता. त्याचा पाठ ऐकून मात्र माझ्यातला बँकवाला जागा झाला. दालचिनी एक भाग, वेलची दोन, पिंपळी चार, वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरातलं पांढरं सत्त्व आठ, आणि खडीसाखर सोळा. दरवेळी दामदुप्पट! आमच्या कुठल्याही ठेव योजनेला असा दर नव्हता. अर्ध्याहून जास्त खडीसाखरच असल्यामुळे हे औषध मी एकदाही चुकवलं नाही.

यानंतर आलं नस्य, म्हणजे नाकातून औषध. नाक हे मस्तकाचं दार आहे आणि गळ्याच्या वर जे काही बिघडतं त्याचा इलाज त्या दारातून आत न्यायचा, ही त्यामागची कल्पना. वयाच्या सातव्या वर्षाआधी नस्य नाही आणि ऐंशीनंतर नाही. हे कळल्यावर आई दोन दिवस वैद्यांवर रुसली होती. तिला नस्य हवं होतं अशातला भाग नाही, पण वगळलं म्हणजे काय!

सात दिवस सकाळी उपाशीपोटी जायचं. पहिल्या दिवशी उताणं झोपवलं, डोकं मागे जरासं खाली, पायांकडून पलंग उचललेला. मदतनीस बाईंनी कपाळ आणि गाल कोमट तेलानं चोळले. मग वाफ द्यायची होती. आता एखादं तांब्याचं प्राचीन यंत्र येणार म्हणून मी वाट बघत होतो, तर बाईंनी शेगडीवरचा प्रेशर कुकर जवळ ओढला. शिट्टीच्या जागी लांब रबरी नळी, आत दशमुळांचा काढा. डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून त्या नळीचं तोंड माझ्या गालांवरून, कपाळावरून फिरवू लागल्या. कुकरशी माझा आजवरचा संबंध शिट्ट्या मोजण्यापुरता. आत तूरडाळीला काय वाटत असेल याचा विचार मी प्रथमच केला.

मग अणुतैल. हे तेल करायची चरकांनी सांगितलेली रीत ऐकून कुठल्याही कारखानदाराला घाम फुटेल. वनस्पती पावसाच्या पाण्यात उकळायच्या, काढ्याचे दहा भाग करायचे, तेच तेल एकेका भागात असं दहा वेळा सिद्ध करायचं आणि दहाव्या खेपेला त्यात शेळीचं दूध घालायचं. आमच्याकडे कर्जाची फाईलही दहा टेबलांवरून फिरायची, पण तिथं प्रत्येक टेबलावर काही काम होत असे असं मी छातीठोक सांगू शकणार नाही. थेंब केवढा, तेसुद्धा ठरलेलं. तर्जनीची दोन पेरं तेलात बुडवून उचलली की जो गळेल तो एक थेंब. बाईंकडे काचेचा ड्रॉपर होता. शास्त्राला एवढी सूट दिलेली दिसली.

एक नाकपुडी बोटानं दाबून दुसरीत आठ थेंब. पहिले दोन-चार आत कुठं गेले ते कळतही नाही. सहाव्याला नाकाच्या मुळाशी कुणी काडी ओढल्यासारखं होतं, डोळ्यांना धारा लागतात, आणि मग ते तुरट-तिखट तेल घशाच्या मागच्या भिंतीवरून हळूच खाली उतरतं. ते गिळायचं नाही, खाकरून एकदा डावीकडे एकदा उजवीकडे थुंकायचं. आणि शंभर अंक मोजून होईपर्यंत तसंच पडून राहायचं. बोलायचं नाही, हसायचं नाही, रागवायचं नाही. "आणि झोपायचं पण नाही," बाई म्हणाल्या. माझी दुपारची कीर्ती तिथवर पोचली होती.

पडल्या पडल्या वैद्यांच्या गोष्टी ऐकू यायच्या. पेशंट बोलू शकत नाही ही वेळ त्यांना फार आवडत असावी. त्यांची लाडकी गोष्ट पुण्याचीच. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एका माणसाच्या चित्रासकट पत्र छापून आलं. कावसजी नावाचा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा मराठा गडी. टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा फिरला, आणि मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्या पत्रावरून लंडनच्या कार्प्यू नावाच्या शल्यवैद्यानं वीस वर्षांनी तोच प्रयोग तिकडे केला. सुश्रुतसंहितेत हीच शस्त्रक्रिया आहे, फक्त कातडी गालाची. "पण सुश्रुतांची खरी हुशारी कशात?" वैद्य विचारायचे आणि मी उत्तर देऊ शकणार नाही याची खात्री करून पुढे सांगायचे, "नवं नाक बसवताना आत एरंडाच्या दोन नळ्या ठेवायला सांगितल्यात, श्वासाची वाट बुजू नये म्हणून." डोळ्यांतून पाणी गाळत मी मनात त्या नळ्यांना हात जोडले. छताजवळच्या मोरीचा विचार करणारं कुणीतरी होतं तर.

दरम्यान आमच्या सोसायटीतल्या योगवर्गाच्या बाईंनी जलनेतीचा आग्रह धरला. नेती ही आयुर्वेदाची नव्हे, हठयोगाची. हठप्रदीपिकेत नाकातून सूत घालून तोंडातून काढायची नेती सांगितली आहे. ती मी वाचूनच उरकली. पाण्याची मात्र या बाई लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकून आलेल्या. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली काढलेली संस्था, तेव्हा शंकेला जागा नव्हती. चोच असलेलं भांडं एका नाकपुडीला लावायचं, मान कलती करून तोंडानं श्वास घ्यायचा, की पाणी दुसरीकडून सुखानं वाहतं. पाणी उकळून गार केलेलंच हवं; साध्या पाण्यात एखादा अमीबा असला आणि तो नाकातून वर गेला तर, क्वचित का होईना, जिवाशी खेळ होतो. आणि त्यात मीठ. पहिल्या दिवशी मी मीठ घालायला विसरलो. नाकाला मिरच्या झोंबणं हा वाक्प्रचार मिरचीशिवायही खरा होतो हे कळलं. दुसऱ्या दिवशी जास्त पडलं, पुन्हा तेच. शेवटी बाईंनी प्रमाण सांगितलं: रक्तात असतो तेवढाच खारटपणा पाण्यात हवा, म्हणजे लिटरला 9 ग्रॅम मीठ. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घातलं आणि खरोखर, पाणी आल्यागेल्याचं नाकाला कळलंही नाही. नाकी नऊ येणं हे संकट नसून प्रमाण आहे, हे मी त्या दिवशी सगळ्यांना फोन करून सांगितलं. मामांनाही केला. 'बाबा' ऐकू आलं नाही म्हणून त्यांनी आधी मला ओळखलंच नाही.

सात दिवसांनी वैद्यांनी रोजचं नस्य लावून दिलं, दोन्हीकडे दोन-दोन थेंब. याला प्रतिमर्श म्हणतात आणि हे जन्मापासून मरेपर्यंत कुणालाही चालतं. आईला ताबडतोब कळवलं, रुसवा गेला. वाग्भटांनी त्याच्या 15 वेळा दिल्यात: दात घासल्यावर, चालून आल्यावर, दिवसा झोप झाल्यावर, अगदी हसून झाल्यावरसुद्धा. बँकेत असतो तर ही शेवटची वेळ वर्षातून एखादीच लागली असती. माझ्यासाठी वैद्यांनी संध्याकाळची वेळ नेमून दिली, दिवेलागणीची, आणि वर शंभर अंकांची अट कायम. मी पथ्य काटेकोर पाळतो असं म्हणवत नाही. दही बंद आहे. दुपारची झोप बसून घेतो.

शंभर अंक मोजत छताकडे बघत पडलं की आपल्या नाकाकडे लक्ष जातं. एका वेळी एकच नाकपुडी मोकळी असते, दुसरी जरा बंद, आणि काही तासांनी पाळी बदलते. मला ही बिघाडाची खूण वाटली होती. पण कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1895 सालीच हे लिहून ठेवलंय, आणि आपल्याकडचे योगी तर त्याआधी केव्हापासून डावीला चंद्र आणि उजवीला सूर्य म्हणत आले. आमच्या सोसायटीत पाण्याचे दोन पंप आहेत, एक चालतो तेव्हा दुसरा विसावा घेतो. तो ठराव आम्ही तीन सर्वसाधारण सभा घेऊन केला होता.

पौष निम्मा झाला तसा वास थोडा थोडा परत येऊ लागला. फवारा, वेखंड, चूर्ण, तेल, मीठ यांपैकी श्रेय कुणाचं, यावर घरात दोन तट आहेत आणि आई दोन्हींत आहे. पहिल्यांदा आला तो फोडणीतला हिंग. मग दोरीवरचा ओला टॉवेल, मग माझीच ओव्याची पुरचुंडी. मी कुणाला काही बोललो नाही. नाक सुधारलं म्हटलं की आधी दूध परत येणार, मग पिंप, आणि चैत्रापर्यंत भाजी.

परवा दिवेलागणीला थेंब घालून नेहमीसारखा उताणा पडलो होतो. ही गॅलरीत बहिणीशी फोनवर बोलत होती. तिच्या यादीत 'फार बोलणं' नाही. आई देवघरात. त्रेचाळीसला काहीतरी गोडसर आलं. एक्कावन्नला ते दाट झालं. अठ्ठावन्नला खात्री पटली: तळाला लागलेलं दूध, आणि त्याच्या कडेनं नुकतंच सुरू झालेलं करपट. किती महिन्यांनी आला होता! मी ओळखीचं माणूस फलाटावर दिसावं तसा खोल श्वास घेतला.

देवघरातून आईनं घंटा थांबवली. "अरे, कसला वास येतोय का रे तुला?"

मी डोळे मिटून घेतले. शंभर होईपर्यंत बोलायचं नाही, असं वैद्यांनी बजावलेलं होतं. एकसष्ट. बासष्ट.